अर्ध्या चेहऱ्याचे दिवस

नाक मुरडणे, भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या घालणे, गाल फुगविणे, तोंडाचा चंबू करणे, डोळा मारणे, तोंड वाकडे करणे. आपल्या भाषेत चेहऱ्यावरून निघालेल्या वाक्प्रचारांची ही यादी कितीही लांबविता येईल. ह्या साऱ्या क्रिया चेहऱ्याच्या एकेका बाजूस एकाच मज्जातंतूच्या हुकमतीखाली चालतात, हे मात्र मराठीचा पदवीधर असूनही मला पंचावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. त्या तंतूने संप पुकारला तेव्हा कळले.

२०२४ साली भोगी रविवारी, १४ जानेवारीस आली होती. आदल्या रात्री उजव्या कानामागे ठणका लागला होता. इंदूरच्या थंडीचा म्हणून तो सोडून दिला. सकाळी चूळ भरली तो पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळले. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिले तर उजवी भुवई खाली उतरलेली आणि उजवा गाल इस्त्री फिरविल्यासारखा सपाट. डोळे मिटले तर उजवा उघडाच राही, बुबुळ तेवढे वर सरके, असे सौ.ने सांगितले. तिने गॅस बंद केला आणि मुलाला गाडी काढावयास सांगितले. भाकरीला लावावयाचे तीळ ताटलीत तसेच राहिले.

अर्धांगाचा झटका असावा ह्या शंकेने आम्ही सारेच गारठलो होतो. रुग्णालयातील तरुण डॉक्टरीणबाईंनी हातापायांची शक्ती पाहिली, जीभ काढावयास लावली आणि मग म्हणाल्या, "आता कपाळाला आठ्या घाला." आठ्या घालणे हा तर माझा तीस वर्षांचा व्यवसाय. डाव्या अर्ध्यावर त्या पडल्या, उजव्यावर एकही पडली नाही. आणि हेच सुचिन्ह ठरले. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा पोहोचतात. म्हणून मेंदूतील आघाताने तोंड वाकडे झाले तरी कपाळ बहुधा वाचते. कपाळही गेले तर दोष बहुधा मेंदूत नसून तेथून निघालेल्या तंतूत असतो. हा निवाडा घरच्या आरशापुढे करावयाचा नव्हे, हे मात्र सांगून ठेवतो. तोंड वाकडे दिसताच रुग्णालय गाठावे.

बाईंनी नाव सांगितले : बेल्स पाल्सी. चेहऱ्याच्या ह्या तंतूचे कार्य १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडणारे शल्यविशारद सर चार्ल्स बेल ह्यांच्यावरून ते पडले आहे. मेंदूतून निघणाऱ्या तंतूंत हा सातवा. कानामागील हाडातल्या एका चिंचोळ्या वाटेने तो बाहेर येतो. त्याला सूज आली की हाड काही जागा देत नाही, आणि तंतू आवळला जातो. सूज का येते ह्याचे निश्चित उत्तर अजून नाही. ओठांवर जर उठविणाऱ्या विषाणूवर पुष्कळांचा संशय आहे. आपल्याकडे सुश्रुताने वातव्याधींत ह्याच लक्षणांचे 'अर्दित' वर्णिले आहे. उपचार असा की प्रेडनिसोलोन ह्या स्टिरॉइडच्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू व्हाव्यात. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ही गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ववत झाले होते. न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के. उरलेल्या सहा टक्क्यांत आपण असलो तर, हा प्रश्न मी बाईंना विचारला नाही. रात्री मात्र तो रोज येऊन उशाशी बसे.

गल्लीत संध्याकाळपर्यंत बातमी पोहोचली : 'मास्साब को लकवा मार गया.' मग उपायांची रीघ लागली. कुणी तिळाच्या तेलाचे मालिश सांगितले, कुणी कानाला मफलर, कुणी जायफळ. शनिवारी मी स्कूटरवरून गार वाऱ्यात गेलो होतो, त्यावर साऱ्यांनी ठपका ठेवला. बिचाऱ्या वाऱ्याची बाजू घेणारे कुणी नव्हते.

दुखणे असे फारसे नव्हतेच. त्रास होता तो बारीकसारीक. पोह्यांचे शित उजव्या गालात जाऊन बसे ते बोटाने काढावे लागे. चहा बशीतून प्यावा तर निम्मा मिशीवर. जिभेच्या पुढच्या भागाची एका बाजूची चवही ह्याच तंतूच्या स्वाधीन असते, त्यामुळे तिळगूळ डाव्या बाजूस गोड आणि उजव्या बाजूस माती. खरी काळजी डोळ्याची. जो डोळा मिटत नाही तो सुकतो, आणि सुकलेल्या बुबुळाला इजा होते. दिवसा तासातासाला औषधाचे थेंब आणि रात्री मलम घालून पापणीवर चिकटपट्टी. ती चिकटपट्टी रोज रात्री सौ. लावीत असे, पाकिटावर तिकीट चिकटवावे तशा बेताने, एक शब्द न बोलता.

संक्रांतीला लोक आले. तिळगूळ हातावर ठेवून 'गोड बोला' म्हणावयाचे, तर 'ब'च उमटेना. ओष्ठ्य वर्णांना ओठ मिटावे लागतात, आणि माझे ओठ डावीकडे मिटत व उजवीकडून वारा सोडीत. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आई आहेत. त्यांना दिसते अगदी पुसट. माझे वाकडे तोंड त्यांच्या लेखी नव्हतेच. त्यांनी फक्त विचारले, "बाळ, ओठ फुटलेत का रे? शब्द सांडतायत." त्यांना हाक मारताना मात्र माझे काही सांडत नव्हते. 'आई' ह्या शब्दाला ओठ लागतच नाहीत! मग रात्री पडल्या पडल्या मी नात्यांची छाननी केली. काका, आजी, ताई, दादा ओठांवाचून निभावतात. बाबा, मामा, मावशी, भाऊ ह्यांना ओठ हवेतच. व्याकरणाचा असा उपयोग कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिलेला नाही.

आठवड्याने शाळेत गेलो. नववीतला एक मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन खोलीत आला. वडील रिक्षा चालवितात, मुलगा हुशार. अर्ज नीट भरला होता, म्हणून मी त्याच्याकडे पाहून हसलो. मुलाचा चेहरा उतरला, अर्ज टेबलावर ठेवून तो मागच्या पावली गेला. दुपारी वर्गशिक्षिकेने संकोचत सांगितले, "सर, तो रडत होता. म्हणतो, बडे सर माझ्या अर्जावर छद्मी हसले."

त्या दिवशी मी प्रथमच आरशापुढे मुद्दाम हसून पाहिले. डावा कोपरा वर चढलेला, उजवा जागच्या जागी, वर एक न मिटणारा डोळा. आपल्याकडे नाटक-चित्रपटांतला खलपुरुष असाच हसतो. मनात कौतुक होते ते आतच राहिले, आणि मुलाने चेहऱ्यावर लिहिले होते तेच वाचले. त्याचा काय दोष?

मला त्या रात्री ललिता पवार आठवल्या. १९४२ साली चित्रीकरणात सहकलाकाराची चपराक जोरात बसली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. त्यांचे कारण माझ्याहून वेगळे, इजेचे. तीन वर्षे उपचार झाले तरी डावा डोळा अधूच राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. आणि त्या बारीक झालेल्या डोळ्यात प्रेक्षकांनी पुढे चाळीस वर्षे खाष्ट सासू पाहिली, १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा पाहिली. 'अनाडी'तील (१९५९) मायाळू मिसेस डीसा त्याच डोळ्याने करुण झाली होती, हे लोक विसरतात. एका जखमी स्नायूला दुष्टपणा समजण्याची आपली ही घाई मोठी विलक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर फळा अंगणात आणविला. त्यावर कान काढला, कानामागून निघणारा तंतू काढला, त्याच्या गालावर पसरणाऱ्या शाखा काढल्या, आणि मुलांना सांगितले की माझे हसू सध्या अर्धेच पोहोचते, उरलेले तुम्ही धरून चाला. नववीचा तो मुलगा तिसऱ्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली, मग वर केली.

२६ जानेवारी चार दिवसांवर होती. सहकाऱ्यांनी सुचविले की भाषण उपप्रमुखांनी करावे. मला ते रुचेना. आमची शाळा हिंदी माध्यमाची; भाषण हिंदीत. मी बसलो आणि ओष्ठ्य वर्ण वगळून ते लिहू लागलो. 'भारत'च्या जागी 'देश' आला. 'स्वतंत्रता' गेली, 'आज़ादी' आली. 'गणतंत्र' मुळातच निरोष्ठ्य निघाले, तेव्हा घटनाकारांना मनोमन नमस्कार केला. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्ताची सबंध कथा ओष्ठ्य वर्णांवाचून रचलेली आहे, हे संस्कृतचे जाणकार जाणतात. त्याचे ओठ प्रियेच्या दंशाने दुखावले होते. माझे कारण इतके रसिक नव्हते, आणि मला दंडी साधलाही नाही. पन्नास-साठ ठिकाणी 'म' आणि 'प' राहिलेच. तेथे तेथे तर्जनी गालावर टेकवून ओठ जुळवून घेतले. शेवटी 'भारत माता की जय' तर चुकविण्याजोगे नव्हतेच. ते बोट टेकवूनच म्हटले. त्या दिवशीच्या छायाचित्रात मी एखाद्या गहन विचारात बुडाल्यासारखा दिसतो.

पाचव्या आठवड्यात दाढी करताना उजव्या ओठाचा कोपरा किंचित फडकला. मी सौ.ला हाक मारली, तोवर तो थांबला होता. ती बराच वेळ ओल्या हातांनी उभी राहून वाट पाहत होती. पाडव्याला, ९ एप्रिलला, डोळा पुरता मिटू लागला आणि चिकटपट्टीची गुंडाळी फडताळात गेली. अक्षय्य तृतीयेच्या आमरसाची चव दोन्हीकडून आली.

थोडी खूण मात्र राहिली आहे. तंतू पुन्हा वाढताना काही धागे वाट चुकतात, ओठांकडे जावयाचे ते पापणीकडे जातात. त्यामुळे ओठ आवळले की माझा उजवा डोळा आपसूक बारीक होतो. नव्या सत्रात सहावीच्या वर्गात ओष्ठ्य वर्ण शिकवीत होतो. मुलांना ओठ मिटावयास सांगितले, 'प' म्हणून दाखविला, 'फ' म्हणून दाखविला. पुढच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला : "सर, 'फ' म्हणताना डोळापण मिटायचा असतो?" मी उत्तर देण्यापूर्वीच चाळीस मुले एकेक डोळा मिटून 'फ, फ' म्हणू लागली होती.