वळणच नसलेली वाट

दर रविवारी पहाटे सिंहगड 'मारणाऱ्यांची' एक खास जमात असते. आतकरवाडीतून घड्याळ लावून सुटायचं, वर मडक्यातलं दही हाणायचं आणि सोमवारी ऑफिसात टायमिंग सांगत फिरायचं! या जमातीतल्या कुणाची ऑनसाइटवर अमेरिकेत, त्यातही कोलोरॅडोत रवानगी झाली, तर एक शनिवार राखूनच ठेवा. तिथे तुमची गाठ मॅनिटू इन्क्लाइनशी आहे.

डेन्व्हरहून दक्षिणेला दीडेक तास गाडी हाकली की कोलोरॅडो स्प्रिंग्ज लागतं. त्याला खेटूनच, पाइक्स पीक या बड्या डोंगराच्या पायथ्याशी, मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचं खनिज पाण्याच्या झऱ्यांचं टुमदार गाव आहे. गावातून वर बघितलं की झाडीतून वस्तरा फिरवल्यासारखा एक सरळसोट पट्टा दिसतो. आपल्याला जायचंय ते तिथूनच!

हा पट्टा म्हणजे एका मोडीत निघालेल्या रेल्वेचा मार्ग. १९०७ च्या सुमारास जलविद्युत प्रकल्पाच्या पाइपलाइनचं सामान वर न्यायला ती बांधली. काम झाल्यावर तीच गाडी पर्यटकांना वर नेऊ लागली. गंमत म्हणजे आपली नेरळ-माथेरान गाडीही १९०७ चीच. पण दोघींचे स्वभाव बघा. माथेरानची राणी साडेसातशे मीटर चढायला तब्बल २१ किलोमीटर वळसे घेते. इन्क्लाइन मात्र सुमारे ६०० मीटर चढते आणि तेही जेमतेम १.४ किलोमीटरमध्ये! ती गाडी जाड केबलने वर ओढली जायची, त्यामुळे वळणांची गरजच नव्हती. १९९० मध्ये दरड कोसळून रूळ उखडले आणि गाडी कायमची बंद पडली. रूळ गेले, खालचे लाकडी स्लीपर राहिले. त्याच झाल्या पायऱ्या. मोजल्या तर पावणेतीन हजारांच्या आसपास!

आणि इथेच खरी मेख आहे. माणसाने पायांसाठी केलेली वाट दमलेल्याची काळजी घेते. ती वळते, सपाट होते, झाडाखाली टेकायला जागा देते. ही वाट केबलसाठी केलेली आहे, तिला तुमच्या छातीच्या भात्याशी काही देणंघेणं नाही. सुरुवातीचा चढ बरा वाटतो आणि आपण जोशात सुटतो. मग एकेक पायरी गुडघ्याएवढी होऊ लागते. सर्वांत खड्या टप्प्यावर चढ ६८ टक्क्यांचा आहे, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना ६८ फूट वर! त्यात हवा विरळ. या वाटेचा पायथाच समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे महाराष्ट्राचं छप्पर जिथे संपतं त्याच्याही वर इथली पहिली पायरी! सर्वांत छळवादी गोष्ट म्हणजे 'खोटं शिखर'. आलो बुवा एकदाचे, म्हणून मान वर करावी तर पुढे आणखी काहीशे पायऱ्या हसत उभ्या.

शेजारून कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये सराव करणारे ऑलिम्पिकचे खेळाडू टणाटण उड्या मारत जातात. त्यांच्यातले पट्टीचे धावपटू वीस मिनिटांच्या आत वर पोचतात. आपल्याला तास लागेल, दीडही लागेल. लागू द्या! वाटेत बाहेर पडायचे फाटे ठेवले आहेत, तिथून बाजूच्या बार ट्रेलवर उतरता येतं. डोकं गरगरतंय, मळमळतंय, धाप बसत नाहीये, तर सरळ फाटा धरा. डेडलाइनच्या जगात मधेच सोडणं म्हणजे नामुष्की वाटते. इथे तोच शहाणपणा, कारण वरच्या टप्प्यात चक्कर आली तर मदतीलाही याच पायऱ्या चढून यावं लागतं.

एक मात्र खरं, ही वाट लोकांच्या पायांनी जिंकली. रेल्वे बंद झाल्यावर इथे चढणं बेकायदा होतं. जमिनीचे मालक तीन-तीन. तरी वर्षानुवर्षं हजारो लोक 'प्रवेश बंद'च्या पाट्या ओलांडून चढत राहिले. अखेर २०१३ मध्ये रीतसर परवानगी मिळाली, मग डागडुजी झाली, नियम आले आणि २०२० पासून गर्दी आवरायला आगाऊ मोफत नोंदणीही आली. फुकट्या पाहुण्यांचा झाला असा हक्काचा रस्ता.

जाण्यापूर्वी: तिथे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी चढू नका, शरीराला हवेची सवय होऊ द्या. पाणी भरपूर न्या, पहाटे सुटा, दुपारच्या विजांआधी खाली या. उतरताना पायऱ्या नकोत, बार ट्रेलची पाचेक किलोमीटरची नागमोडी वाट घ्या. तिच्या पहिल्याच वळणावर तुमचे गुडघे तुम्हाला दुवा देतील!