तहानेआधीची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. पण तहानेआधी खणलेल्या विहिरीचं पुढं काय होतं, ते कुणी सांगत नाही. हाँगकाँग बेटावर क्वारी बेच्या वरच्या टेकडीत, दाट झाडीत, तशी एक विहीर आहे. म्हणजे चुली आहेत. विटांच्या, ओळीनं बांधलेल्या, शेवाळ चढलेल्या. ऑक्टोबर १९३८ मध्ये जपान्यांनी शेजारचं कँटन घेतलं. आज ना उद्या आपली पाळी, हे ओळखून हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारनं १९३८-३९ मध्ये सामुदायिक स्वयंपाकासाठी या चुली बांधल्या.

म्हणीबरहुकूम सगळं यथासांग. लढाई मात्र अठराच दिवस चालली. १८ डिसेंबर १९४१ च्या रात्री जपानी सैन्य बेटावर उतरलं ते याच उत्तर किनाऱ्यावर. तिथं पहाऱ्याला होती ५/७ राजपूत, आपल्याकडचीच पलटण. तिची धूळधाण झाली. नाताळच्या दिवशी शरणागती. चुली रानाच्या हवाली.

ही गोष्ट कळल्यापासून ती म्हण माझ्या डोक्यातून जात नाही. खणलं की पाणी लागणारच, असं ती धरून चालते. आपल्याकडे पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं खणायला घेतात, आणि कितीही खाली गेलं तरी लागतो तो काळा पाषाण. विहीर कोरडी, कर्ज उरावर. वेळेवर खणली होती की शेतकऱ्यानं! उलट बहात्तरच्या दुष्काळात ऐन तहानेत माणसांनी पाझर तलाव खणले, आणि त्या खणण्याच्या मजुरीवरच तगली. म्हणीत याला जागा कुठली?

चूल आधी बांधता येते, तिच्यावर रटरटायला तांदूळ हवा. हाँगकाँगमध्ये जपानी अमलात माणशी रोज सुमारे २४० ग्रॅम तांदूळ मिळे. एप्रिल १९४४ मध्ये सामान्यांचं तेही रेशन बंद झालं. खाणारी तोंडं कमी करायला लोकांना चीनमध्ये हाकललं. सोळा लाखांचं शहर १९४५ पर्यंत सहा लाखांवर आलं.

तरी चुली बांधणाऱ्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शहर सहा महिने लढलं असतं, तर याच विटांना आपण दूरदृष्टी म्हटलं असतं. की तांदूळ तेव्हाही संपलाच असता?

चुली अजून आहेत, टेकडीवरच्या पायवाटेला लागून. तिकडं जाणं झालं तर बघा, आणि विहीर कधी खणायची ते मलाही कळवा.