चीक, राख आणि क्रोशाची सुई

उज्जैनच्या रामघाटावर केसांचे दोन व्यवहार शेजारी शेजारी चालतात. पायरीवर न्हावी बसलेला असतो. कुणाचा बाप गेलेला, कुणाच्या लेकराचं जावळ काढायचं असतं, वस्तरा फिरतो आणि डोकं लख्ख होतं. चार पायऱ्या वर, ज्यांच्या केसांना वर्षानुवर्षं फणी शिवलेली नाही असे बैरागी ऊन खात बसलेले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात मुरलेली मराठी माणसं. तर्पणाला येतो, पाहुण्यांना क्षिप्रेची आरती दाखवायला येतो. लोक दिवे बघतात, मी जटा बघते. यंदा बघायला घरचंच डोकं होतं. पुण्याहून आलेल्या भाचीने लॉक्स करून घेतले आहेत.

दशरथाचं श्राद्ध रामाने इथे केलं, म्हणून हा रामघाट, असं इथे सांगतात. वनवासात राम इथे आला असेल तर जटाधारी होऊनच आला असेल, कारण जटा त्याने आधीच, गंगेकाठी वळल्या होत्या. वाल्मीकींनी अयोध्याकांडात कृतीसुद्धा दिली आहे: गुहाकडून वडाचा चीक मागवला, स्वतःच्या आणि लक्ष्मणाच्या केसांना लावला, झाल्या जटा. मला हा तपशील फार आवडतो. तेलपाण्यावर वाढलेल्या राजपुत्राच्या केसांना आपसूक जट यायला कित्येक महिने लागले असते, आणि वनवास तर सुरूही झाला होता. भैरवगढच्या सिद्धवटापाशी गेले की मला तो चीक आठवतो.

भाचीला हे सांगितलं तर ती दचकली. “चीक? मावशी, आम्ही मेणसुद्धा लावत नाही. आत अडकतं, धूळ धरतं, मग निघता निघत नाही.” तिचं शास्त्र वेगळं. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस मुळातच स्प्रिंगसारखे वळत येतात. त्यांचे चौकोनी भाग पाडायचे, प्रत्येक बट पिळायची आणि वाट बघायची. काही महिन्यांत बटेच्या पोटात गाठ धरते, मग ती हळूहळू घट्ट होत जाते. मुळाशी येणारा नवा केस चार-सहा आठवड्यांनी पुन्हा वळवायचा, पण फार आवळायचा नाही, नाहीतर कपाळाशी केस विरळ होतात. आपल्या सरळ केसांना एवढं पुरत नाही. ते उलटे विंचरून क्रोशाच्या बारीक सुईने आतल्या आत ओवावे लागतात. त्यासाठी ही अख्खा दिवस एका खुर्चीत बसली होती; जी मुलगी शाळेत असताना वेणी घालायला पाच मिनिटं बसत नसे.

तिने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आपले रोज पन्नास ते शंभर केस गळतात. आपल्या फणीत येतात, न्हाणीच्या जाळीत अडकतात. जटेत मात्र गळलेला केस बाहेर पडतच नाही, शेजाऱ्यांच्या मिठीत राहून जातो. एक केस काही वर्षं वाढतो आणि गळतो, त्यामुळे एरवी त्याच्या लांबीला मर्यादा असते. तरी साधूंच्या जटा पावलांपर्यंत पोचतात त्या यामुळेच. टोकाकडच्या केसाचं मूळ कधीच सुटलेलं असतं, तो केवळ गुंत्याच्या आधाराने लोंबत असतो.

हे लॉक्स जगभर पसरले ते जमैकाच्या रास्ताफारी पंथामुळे, आणि बॉब मार्लीच्या गाण्यांमुळे. तो पंथ 1930च्या दशकातला. त्याच्या कितीतरी आधी, 1845पासून, आपल्याकडचे गिरमिटिये मजूर त्या बेटावर उतरत होते. त्यांच्यातल्या साधूबैराग्यांकडून जटा तिकडे गेल्या असं काही अभ्यासक मानतात, काही जण मूळ आफ्रिकेतच शोधतात. गांजा हा शब्द मात्र आपल्याकडूनच गेला, याबद्दल फारसं भांडण नाही.

भाचीच्या कोल्हापूरकडच्या आजीला जमैकाशी काही देणंघेणं नव्हतं. तिने नातीला दारातच थांबवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “कुणाची गं? यल्लमाची?” बाळंतपणात, तापात केस विंचरायचे राहिले, शिकेकाईचा चोथा नीट निघाला नाही, एवढ्यानेही बाईच्या केसांत गुंता बसतो. पण तो सोडवायचा नाही. सोडवला तर देवी कोपेल. त्या भागात अशा गुंत्यापायी पोरी देवीला सोडल्या गेल्या. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (2009) चित्रपटातल्या सुलीची कथा तिथूनच सुरू होते. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध 2005चा कायदा आहे, पण जटेची भीती कायद्याने कापली जात नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव वर्षानुवर्षं गावोगावच्या बायकांच्या जटा स्वतः कातरत आल्या आहेत. घरच्यांची समजूत काढण्यात जो वेळ जातो, त्यामानाने कात्रीचं काम किरकोळ. अशा बायका जटेच्या ओझ्याने मान एकीकडे टाकून चालतात, कुशीवर नीट झोपू शकत नाहीत.

घाटावरच्या बाबाच्या पाया पडणारा माणूस घरी बायकोच्या डोक्यात जट दिसली तर भगताकडे धावतो, आणि भाचीला पाहून नाक मुरडतो. केस तिन्ही ठिकाणी तसेच गुंततात. बाबाने संसार सोडला आणि जटा राखल्या. भाचीने पैसे मोजले, उद्या कंटाळली तर कापून टाकेल. त्या गावच्या बाईला मात्र कुणी विचारलेलंच नसतं. मला राग येतो तो याचा.

संध्याकाळी एका म्हाताऱ्या बैराग्याने आपणहून भाचीला हाक मारली. सुकवतेस कशा, हा त्याचा पहिला प्रश्न. ओल्या राहिल्या की कुबट वास मारतात. म्हणून थंडीत तो गळ्याखालीच अंघोळ करतो आणि वर राख चोळतो. मग खर्च किती आला ते विचारलं. भाचीने आकडा निम्म्यावर आणला तरी तो इतका हसला की शेजारचा न्हावी वस्तरा थांबवून बघायला लागला. तिने पर्समधून सुई काढून दाखवली. बाबाची कानामागची एक जटा मुळाशी पातळ होऊन तुटायला आली होती. त्याने सुई मागून घेतली, आकडा आत खुपसला, केस ओढून घेतले, पुन्हा खुपसला. लवकरच हात बसला. अर्धा तास झाला तरी सुई परत द्यायचं नाव नाही. शेवटी भाचीच म्हणाली, “रख लीजिए बाबा, मेरे पास दूसरी है.”