उलटा काटा

कोल्हापुरातील एका जुन्या गॅरेजात १९३० साली बनलेली फोर्डची ‘मॉडेल ए’ मोटार दुरुस्तीस आली होती. तक्रार एवढीच, की रात्री आठ-दहा मैल जाताच दिवे मंदावत आणि बॅटरी निष्प्राण होई. वृद्ध मिस्त्री त्या दिवशी परगावी गेले होते. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाने सहा व्होल्टची नवी बॅटरी आणून बसवली. दिवे लखलखले, मालक संतोषाने गाडी घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली, ती जळक्या वासासह!

मिस्त्रींनी कोणास काही विचारले नाही. इंजिन बंद ठेवून त्यांनी दिवे लावले आणि ते अँमिटरच्या काट्याकडे पाहत राहिले. अशा वेळी बॅटरीतील वीज खर्च व्हायला हवी. काटा मात्र ती जमा होत असल्याचे दाखवीत होता. मिळकत थांबलेली, खर्च चालू आणि वहीत शिल्लक वाढते आहे, असा तो हिशेब!

“बॅटरी कोणी जोडली?” त्यांनी विचारले.

मालकाने मध्येच कोठे तरी बदलून घेतली असेल, असे म्हणणे सोपे होते. मुलाच्या ओठांवर ते आलेही. पण तो म्हणाला, “मीच, काका. ऋण टोक सांगाड्याला जोडले. सगळ्या गाड्यांना तसेच असते ना?”

“आजच्या गाड्यांना. हिचे धन टोक सांगाड्याला असते, बाळ.”

जनित्राच्या लोखंडात पूर्वीचे थोडे चुंबकत्व उरलेले असते. त्याच्याच आधाराने ते फिरताना वीज निर्माण करू लागते. जनित्र व बॅटरी यांच्यामध्ये कटआउट नावाचा द्वारपाल असतो. जनित्र मंद झाले, की तो वाट बंद करतो, म्हणजे बॅटरीची वीज मागे वाहून जात नाही. उलट्या बॅटरीमुळे त्याच्यावर भलताच प्रवाह आला आणि बिचाऱ्याचे संपर्कबिंदू जळून गेले.

मूळ दोष वेगळाच होता. जनित्र उघडताच दिसले, की कार्बनचा एक ब्रश झिजून आखूड झाला आहे; तो कॉम्युटेटरला कधी टेके, कधी न टेके. कॉम्युटेटरही तेलाच्या काजळीने माखलेला. मुलगा तो घासण्यासाठी एमरी पेपर घेऊ लागला, तोच मिस्त्रींनी त्याचा हात धरला. एमरीचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकले, तर वीज भलतीकडे जाते. बारीक काचपेपरने काम झाले. नवा ब्रश आला, नवा कटआउट आला आणि बॅटरी सुलट झाली.

“आता जनित्राला त्याची दिशा सांग,” मिस्त्री म्हणाले.

मुलाने कटआउटच्या दोन्ही टोकांना एक तार क्षणभर टेकवली. बारीकशी ठिणगी उडाली. मग इंजिन सुरू झाले. काटा थोडा थरथरला आणि जमेच्या बाजूस जाऊन स्थिरावला.

मालकाच्या बिलात मिस्त्रींनी ब्रशची किंमत व मजुरी तेवढी मांडली.

“आणि कटआउट?” मुलाने हळूच विचारले. “माझ्या पगारातून कापा.”

“अर्धा तुझा, अर्धा माझा. जाण्यापूर्वी मीही सांगायला हवे होते.”

मुलगा उठला. रंगाचा डबा शोधून त्याने सांगाड्याला जोडलेल्या पट्टीवर लाल रंगाने अधिकची ठळक खूण केली.