आमची शाश्वत शेती

‘शाश्वत’ हा शब्द माझ्या लहानपणी फक्त कीर्तनकारांच्या ताब्यात होता. देह नश्वर, आत्मा शाश्वत, अशी सरळ वाटणी होती. अलीकडे या शब्दाची बदली शेतीखात्यात झाली आहे. शाश्वत शेती, शाश्वत विकास, शाश्वत अन्नव्यवस्था! ज्या सभागृहात हे शब्द बोलले जातात तिथं भिंतीवर भाताच्या लोंबीचं चित्र असतं, टेबलावर प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी असतं आणि दुपारच्या जेवणात पनीर असतं. पनीर कोकणात कुठल्या झाडाला लागतं, असं अशा वेळी विचारू नये.

आमच्या मालवणकडच्या माणसाला मात्र शाश्वत म्हणजे काय, ते चर्चासत्रात शिकवावं लागत नाही. हापूस हा दोन महिन्यांचा पाहुणा. मासे तर वाऱ्याच्या मर्जीवर. शाश्वत गोष्ट एकच, ती म्हणजे भाऊबंदकी. पणजोबांनी सुरू केलेला मेरेचा वाद पणतू तितक्याच उमेदीनं चालवतो. आणि तोसुद्धा कुठलंही रासायनिक खत न घालता! सेंद्रिय सेंद्रिय म्हणतात ते हेच असावं.

मेच्या अखेरीस मी मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी होतो. घर आमच्या आबांचं. आबा म्हणजे माझे चुलते. कागदोपत्री ते घर एकोणतीस जणांचं आहे, पण पावसाआधी कौलं परतायची वेळ आली की एकट्या आबांचं होतं. अशाच एका दुपारी कृषी विषयात एम.एस्सी. करणारी एक मुलगी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन आली. किनाऱ्यावरच्या कुटुंबांची अन्नव्यवस्था आणि शेतीची शाश्वतता, असा काहीसा तिचा विषय होता. ‘असा काहीसा’ म्हणतो, कारण काकीनं तो तिला पुरता उच्चारू दिला नाही. “आधी पाणी पी गो बाय. उन्हातसून इलंस,” म्हणून तिनं कोकम सरबताचा तांब्या पुढं केला. तो संपल्यावर संशोधनाला सुरुवात झाली.

“आजी, तुमच्या रोजच्या आहारात स्थानिक पदार्थ किती आणि बाहेरून आलेले किती?”

काकीनं विचार केला. “बाहेरसून? चायची पूड, साखर आणि जावय.”

मुलीनं जावई नेमका कुठल्या रकान्यात घातला, ते मला दिसलं नाही.

“आहारात विविधता असते का?”

“आसा तर! सोमवारी माशे नसतत.”

“आणि घरात अन्न वाया किती जातं?”

“वाया? फणसाचे गरे आम्ही खातो, आठळ्यो भाजतो, साली गुरांक घालतो. वाया कायच जाणा नाय.” मग माझ्याकडे बोट करून, “ह्यो एकटो तेवढो गेलो. मुंबैक.”

मुलगी भराभर लिहीत होती. आमच्या काकीच्या आठळ्यांना अर्थशास्त्रात ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात, हे मला तिच्याकडून त्या दिवशी कळलं. काकीला ते कळलं असतं तर आठळ्यांचा भाव नक्की वाढला असता.

पण वाचकहो, संशोधनाला हसणाऱ्यांतला मी नव्हे. संशोधन म्हणजे काय चीज आहे, हे आमच्या घराला एका रातांब्यानं शिकवलं आहे. रातांबा म्हणजे कोकमाचं झाड. शहरातल्या वाचकांनी ते सोलकढीच्या उगमापाशी शोधावं. आबांनी परसात त्याचं एक रोप लावलं. शेण घातलं, राख घातली, उन्हाळ्यात घागरीनं पाणी घातलं. सातव्या वर्षी ते फुललं. घरात कौतुकाला भरती आली. पण फुलं गळून गेली आणि फळ एकही धरलं नाही. पुढच्या वर्षी तोच प्रकार. शेवटी एका जाणकारानं फूल बोटांत फिरवून पाहिलं आणि सांगितलं, “आबा, झाड नर आहे.”

“म्हणजे सात वर्सां मी दादल्याक पोसलंय?” आबा ओरडले.

काकी आतून म्हणाली, “तुमी साताचा काय सांगतास? माझी पंचवीस झाली.”

विनोद सोडा, पण कोकमाची खरी गोची हीच आहे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बियांपासून रोपं केली तर त्यातली साधारण निम्मी नर निघतात, आणि कुठली निम्मी ते फुलं येईपर्यंत झाड सांगत नाही. कोकण कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला तो कलमाचा. चांगल्या मादी झाडाची काडी कोवळ्या रोपावर बांधायची. म्हणजे झाड मादी निघणार याची खात्री आणि फळही लवकर. १९९७ साली तिथूनच ‘कोकण अमृता’ ही जात बाहेर पडली. मात्र कोकमाची सगळीच बाग मादी करून चालत नाही, परागासाठी मधून मधून थोडे नर ठेवावेच लागतात. यात कोकणी माणसाला नवीन काही नाही. आमच्या गावांतून हीच व्यवस्था शंभर वर्षं होती. शेती, गुरं आणि पोरं बायकांनी सांभाळायची. आणि दादल्यांनी दूर मुंबईत राहून वाऱ्यावर मनिऑर्डर सोडायची!

संशोधनाच्या दृष्टीनं १९८१ हे साल तर आमच्याकडे भलतंच सुपीक गेलं. १ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. आमच्या भागातली ही सर्वांत मोठी वाटणी. त्याच साली वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं ‘रत्ना’ आंबा आणि ‘वेंगुर्ला-४’ काजू दिला. हे केंद्र १९५७ पासूनचं, म्हणजे १९७२ साली स्थापन झालेल्या विद्यापीठापेक्षा पंधरा वर्षांनी थोरलं. काजूची नावं तिथल्या लोकांनी शाळेतल्या पटावरच्या नंबरासारखी ठेवली आहेत. वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-४, १९९७ साली आलेला वेंगुर्ला-७. आंब्याच्या बाबतीत मात्र त्यांचं काव्य जागं होतं. नीलम आणि हापूस यांचा संकर म्हणजे ‘रत्ना’. हापूसचं एक खानदानी दुखणं आहे. बाहेरून केशरी, घमघमीत, आणि कापल्यावर आत पांढरट, बेचव, स्पंजासारखा गोळा! त्याला साका म्हणतात. लग्नात मुलगा पाहताना पूर्वी जे व्हायचं, तेच हापूसची पेटी घेताना होतं. ‘रत्ना’त साका नाही. पुढं १९९२ साली याच ‘रत्ना’चा पुन्हा हापूसशी संबंध जोडून ‘सिंधू’ आणला. त्याची बाठ इतकी पातळ की असून नसल्यासारखी.

शास्त्रज्ञांना वाटलं असेल, लोक डोक्यावर घेतील. काकी म्हणाली, “बाठ नाय तर पोरांनी चोखूचा काय?”

या प्रश्नाला शोधनिबंधात रकाना नसतो. बाठीवर कोण बसणार यावरून आमच्या घरात जी युद्धं झाली, त्यातूनच पुढचे मेरेचे वाद लढण्याचं शिक्षण आम्हांला मिळालं. आणि बाजार तर काकीहून हट्टी. साका निघो, किंमत परवडो न परवडो, गिऱ्हाइकाला पेटीवर नाव हापूसचंच हवं. त्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून. म्हणजे हापूसच्या सातबाऱ्यावरही पाच नावं लागलीच!

भाताची गोष्ट आणखी मजेची. आमच्याकडे मिरगानंतर जो पाऊस कोसळतो, त्यात फोकून दिलेला युरिया शेतात राहतो ही समजूत भाबडी आहे. तो पाण्याबरोबर मेरेवरून खाली उतरतो आणि शेजाऱ्याचं भात तरारून येतं. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत यावर नामी तोड आहे. तुसाची राख आणि पेंढा पुन्हा जमिनीला द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवायचा, दोरी धरून ठरावीक अंतरावर चार चार चुडांचे चौकोन लावायचे, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध खताची एक गोळी चिखलात खोल खोचायची.

“आता भाताक पण गोळ्यो?” काकीनं विचारलं होतं. “बीपीच्यो की शुगराच्यो?”

आबांना मात्र यातलं शास्त्र एका क्षणात उमगलं. “म्हणजे माझो युरिया माझ्याच कुणग्यात रवतलो? खालच्याकडे एक कण जावचो नाय? मगे करूया!” कृषी विस्ताराच्या पुस्तकांत शेतकरी नवं तंत्र का स्वीकारतो याची पुष्कळ कारणं दिलेली असतात. त्यात भाऊबंदकीचं नाव नसतं. असावं.

पण गोळ्यांचा हिशेब करायला बसलो आणि हात थांबला. हेक्टरी ६२,५०० गोळ्या. आमचा कुणगा अकरा गुंठ्यांचा, तरी सहा हजार आठशे पंच्याहत्तर! प्रत्येक गोळी हातानं, कमरेत वाकून, भर पावसात. आबांनी दोन वर्षं केलं. भात उत्तम आलं. तिसऱ्या वर्षी वाकणारी माणसं मिळाली नाहीत. जी वाकू शकत होती ती मुंबईत, पुण्यात, पणजीत आणि दुबईत होती. आता तो कुणगा पड आहे.

वरच्या भरडीवर पूर्वी नाचणी, वरी, कुळीथ व्हायचा. १९९० साली रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान मिळू लागलं आणि तिथं काजू उभा राहिला. काजूनं पैसा दिला, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण नाचणी गेली. पाहुणे आले की काकी नाचणीची भाकरी पदराआड लपवायची. ती गरिबीची खूण होती. मग संयुक्त राष्ट्रसंघानं २०२३ हे वर्षच भरडधान्यांना वाहिलं आणि माझी नात अंधेरीत चकचकीत पाकिटातली नाचणीची बिस्किटं खाऊ लागली. त्यांचा भाव ऐकून काकीनं इतकंच विचारलं, “बरोबर भाकरी लपवूक पदर पण देतत काय?”

हे सगळं त्या मुलीनं निमूटपणे उतरवून घेतलं. होता होता एकोणचाळीस प्रश्न झाले. चाळिसावा असा होता : ‘आपल्यानंतर ही शेती कोण करणार? योग्य पर्यायावर खूण करा. मुलगा, मुलगी, भाडेकरू, विक्री.’

अंगणात सोलां वाळत होती. त्यांवर बसलेली कोंबडी हाकलायला काकी उठली, ती तिकडेच रेंगाळली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माडाच्या शेंड्याकडे पाहिलं. माडाला त्या वर्षी नारळ किती धरले आहेत, हे मी इतक्या काळजीनं कधी मोजलं नव्हतं.

“बाय,” आबा म्हणाले, “ता मोकळा ठेव.”

साका काढला, बाठ पातळ केली, युरिया जागच्या जागी थांबवला. शास्त्रज्ञांनी झाडांना नि भाताला जे जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पण त्या प्रत्येक उपायाच्या शेवटी एक वाकलेलं माणूस लागतं, आणि त्याचं कलम अजून कोणी बांधलेलं नाही. सातबारा आता मोबाईलवर दिसतो. त्यावर एकोणतीस नावं आहेत. कुणग्यात उतरायला त्यातलं एकही मोकळं नाही.

मुलगी गेली. जाताना काकीनं तिला आगळाची बाटली आणि “पुढच्या खेपेक जेवक ये” असा प्रश्नावलीबाहेरचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी रिक्षा बोलावली आणि मला घेऊन रोपवाटिकेत गेले. तिथं त्यांनी कोकमाचं एक कलम उचललं आणि मालकाला म्हणाले, “मादी आसा, असा लिवून दी.”

“कलमाला लिहून कशाला हवं, आबा?”

“माका ब्याऐंशी झाली. ह्या वक्ताक दादलो निघालो तर आणखी सात वर्सां आणू खंयसून?”

मालकानं पावतीच्या पाठीवर लिहून दिलं. आबांनी कलम त्या जुन्या नराच्या शेजारी लावलं. “बरा झाला,” काकी म्हणाली, “मेलो इतकी वर्सां एकटोच हुतो.” पाऊस अजून लागला नव्हता. आळं कोरडं होतं. आबांनी विहिरीवरून भरलेली घागर आणली, दोन पावलं आधीच थांबले, आणि काही न बोलता ती माझ्या हातात दिली.

आमच्या घराण्यात एका पिढीकडून दुसरीकडे वादाशिवाय गेलेली ही पहिलीच वस्तू असावी.