हांक कोठपर्यंत पोहोंचते?

आमच्या गांवाला नुसतें तळेगांव म्हणून भागत नाहीं. याच पुणें जिल्ह्यांत, मावळांत, दाभाड्यांचें तळेगांव आहे. त्यामुळें शिरूर तालुक्यांतल्या आमच्या तळेगांवापुढें ढमढेरे हें आडनांव लावल्यावांचून परक्याला तें सांपडावयाचें नाहीं. गांवांत मात्र नुसत्या तळेगांवावर सगळ्यांचें चालतें. नांवाचा हा गुण लहानपणापासून ठाऊक असूनही गेल्या पावसाळ्यांत मी तो विसरलों, आणि काकूंना विनाकारण बोल लावून बसलों.

काकांना जाऊन आतां सहा वर्षें झालीं. चातुर्मासांत ते रोज माजघरांत बसून हरिविजयाचा अध्याय वाचीत. तें वाचन घरच्यांनीं टेपवर उतरून ठेविलें होतें. पुढें धाकट्या बंधूनें त्या फितींवरील आवाज एका लहानशा साठवणीच्या पेटींत भरला, ती फडताळांत राउटरशेजारीं मांडली आणि तिचें नांवही 'माजघर'च ठेविलें. काकूंनीं फोनवरील चित्रावर बोट ठेवावें, 'माजघर डॉट लोकल' उघडावें आणि काकांचा आवाज यावा, असा सायंकाळचा परिपाठ पडला.

एके दिवशीं पेटी उघडेना. "अरे, ह्यांचा आवाज गेला कां रे?" काकूंनीं विचारलें. मीं घाईंत उत्तर दिलें, "काकू, तुम्हीच भलतीकडे बोट लावलें असेल." त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यानंतर चार दिवस त्यांनीं फोन हातीं घेतला नाहीं, हें पत्नीनें सांगितलें तेव्हां कोठें मी उठलों.

पेटीचा दिवा लागलेला होता. घरांतल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आंकडा देतो. नांव हें माणसांच्या सोयीसाठीं. पेटीचा आंकडा पुतण्यानें फडताळाच्या दारामागें खडूनें लिहिला होता: १९२.१६८.१.१४. तो फोनवर घातला, तों छपाईच्या यंत्राचें पान पुढें आलें! मध्यंतरीं वीज जाऊन आली होती व राउटरनें आंकडे नव्यानें वांटले होते. राउटरची यादी पाहिली, तर पेटीकडे आतां शेवटीं १९ आला होता. काकूंच्या खोलींत बसून हा नवा आंकडा घातला, पेटी उघडली. नांव घातलें, उघडेना. म्हणजे आवाज शाबूत, वाटही शाबूत. अडलें होतें तें नांवापाशीं.

इंटरनेटवरील नांवांची एके काळीं एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें ठेविलेली असे. १९८३ मध्यें पॉल मॉकापेट्रिस यांनीं ती ठिकठिकाणीं वांटून ठेवण्याची पद्धत आंखली, तीच आज चालते. पण 'डॉट लोकल'चें नांव अशा कोणत्याही यादींत शोधावयाचें नसतें. स्टुअर्ट चेशर व मार्क क्रोकमल यांनीं लिहिलेल्या, २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमाप्रमाणें फोन २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर "माजघर कोण?" अशी हांक घरभर मारतो, आणि ज्याचें तें नांव असेल तो आपला आंकडा सांगतो. एकाच नांवाचे दोघे निघाले, तर मागून आलेला बहुधा आपल्या नांवापुढें दोनाचा आंकडा जोडून घेतो. दोन तळेगांवांनीं जें आडनांवांवर भागविलें, तें हीं यंत्रें आंकड्यावर भागवितात.

ही हांक राउटर ओलांडून जात नाहीं. आणि त्याच आठवड्यांत मागल्या चौकांत फोन चालत नाहीं म्हणून दुसरा राउटर मींच बसविला होता! काकूंची खोली त्याच चौकांत. नवा राउटर आपल्या बाजूला १९२.१६८.० चे निराळे आंकडे वांटून स्वतंत्र बिऱ्हाड थाटून बसला होता. त्या बिऱ्हाडांतून पेटीच्या आंकड्यावर निरोप जाई; हांक मात्र उंबऱ्याशींच विरे. (पाहुण्यांसाठीं निराळें वायफाय ठेवणाऱ्यांनींही हें ध्यानांत घ्यावें, तेथून घरांतल्या वस्तु दिसूं नयेत अशी योजनाच केलेली असते.)

उपाय अर्ध्या तासाचा. नव्या राउटरचें आंकडे वांटणें बंद केलें आणि तार त्याच्या इंटरनेटच्या तोंडांतून काढून शेजारच्या घरगुती तोंडांत घातली, कीं दोन्ही चौक पुन्हां एक झाले. पहिल्या राउटरमध्यें पेटीसाठीं १९ कायमचा राखून ठेविला. दारामागील खडू पुसला.

मग काकूंच्या खोलींत गेलों. "काकू, तुमचें बोट चुकलें नव्हतें. मधें भिंत मींच घातली होती."

त्यांनीं फोन माझ्या हातांतून घेतला आणि चित्रावर स्वतः बोट ठेविलें. वाचनास बसतांना काका नेहमीं खाकरत. तो आवाज प्रथम आला.

"आंत येऊन बैस, नाहींतर दार लोटून घे," काकू म्हणाल्या. "अध्याय सुरू झाला."