भिवंडीच्या खाडीवर काचेच्या कापडाला रफू

भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड, मुंबई-नाशिक महामार्गालगतची गोदामे आणि ट्रकांच्या रांगा आठवतात. पण हे मुळात बंदराचे गाव. कामवारी नदी शहराला लागून वाहते आणि पुढे उल्हास नदीच्या खाडीला मिळते. ही खाडी घोडबंदरवरून वसईला समुद्राला भेटते. शहरात आजही बंदर मोहल्ला आहे. तिथून भातासाठी आणि लाकडासाठी गलबते ये-जा करीत, ही गोष्ट मात्र नव्या पिढीच्या कानावर क्वचितच पडते.

१६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले आणि याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. पुढे या आरमाराचे नेतृत्व करणाऱ्यांत दौलतखान होते. हा धडा आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. या वर्षी तो खाडीवरच शिकवायचे ठरले. आम्ही दोन शिक्षक आणि नववीची बारा मुले-मुली फेब्रुवारीतल्या एका रविवारी काल्हेर-काशेळीच्या बाजूला गेलो.

निमित्तही तसेच होते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शिडाची छोटी होडी जुनी विकत घेतली होती. तिची डोलकाठी तडकली होती आणि दुरुस्ती चालू होती. पूर्वी डोलकाठ्या लाकडाच्या असत. सह्याद्रीतल्या पूण झाडाचे सरळसोट खोड त्यासाठी नावाजलेले होते. वाटेत काठी तडकलीच, तर खलाशी बाजूंना फळ्या लावून दोरखंडाने ती आवळून बांधत. या होडीची काठी मात्र फायबरची, म्हणजे आतून पोकळ नळी. होडीच्या वरच्या फळीपासून वीतभर उंचीवर बोटभर लांबीची चीर दिसत होती.

चीर तिथेच का पडली? एका मुलाने विचारले. या काठीला दोरांचा आधार नसतो. ती फळीतल्या भोकातून खाली उतरून खोबणीत उभी असते. वारा शिडाला ढकलतो तेव्हा सगळा वाक फळीपाशी येतो. छत्री जोराच्या वाऱ्यात मुठीपाशी कशी ताणते, ते आठवा म्हणजे कळेल.

काम करणारे चाचा पन्नाशी ओलांडलेले. आधी बरीच वर्षे मागावर होते, आता फायबरच्या टाक्या आणि दरवाजे दुरुस्त करतात. होडीचा मालक त्यांना म्हणाला, "चाचा, पुट्टी भरून वरून रंग मारला तर नाही का चालणार? लवकर होईल." चाचांनी विचारले, "हिच्यात बसणार कोण?" "मी, आणि बहिणीची मुले." चाचा म्हणाले, "मग पुट्टी नको. तशीच हवी असेल तर दुसरा माणूस बघ." सौदा मोडला तरी चालेल अशा सुरात ते बोलले. माल खपवण्यासाठी दोष झाकणे आपल्याकडे किती गैर मानले आहे, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

त्यांनी खिशातून नाणे काढले आणि काठीवर टकटक करीत गेले. चांगल्या भागावर आवाज खणखणीत येई, चिरेजवळ बद्द. दिसणारी चीर बोटभर, पण बद्द आवाज वीतभर पसरलेला. तेवढ्या भागात काच आणि रेझिन यांची पकड सुटली होती.

मग चाचांनी काचेच्या कापडाचा तुकडा आमच्या हाती दिला. पांढरा, रेशमासारखा चकाकणारा. वितळलेली काच बारीक छिद्रांतून ओढली की केसाहून कितीतरी बारीक तंतू तयार होतात. ते एकत्र करून कापड विणतात. हे कापड रेझिनमध्ये भिजवून सुकवले की फायबर तयार होते. ताण पेलतो तो धागा. रेझिन धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवते. मुलांपैकी निम्म्यांच्या घरी कोणी ना कोणी मागावर काम करते. त्यांनी लगेच उभा आणि आडवा धागा बोटाने मोजला. साध्या विणीत धागा वरखाली वळतो, म्हणून थोडा ढिला राहतो. काठीसाठी चाचांनी जे कापड आणले होते, त्यात जवळजवळ सगळे धागे उभे आणि सरळ होते.

एक मुलगी म्हणाली, "माझे अब्बू तुटलेल्या ताराला गाठ मारतात. इथे गाठ कशी मारणार?" प्रश्न नेमका होता. काचेच्या धाग्याला गाठ बसत नाही. म्हणून जुन्या आणि नव्या धाग्यांनी एकमेकांवर बरेच अंतर चढून राहायला हवे. नळीची जाडी ३ मिलिमीटर होती. जाडीच्या बारापट, म्हणजे दोन्ही बाजूंना निदान ३६ मिलिमीटर उतार घासून काढावा लागतो. जी चीर बुजवायची, तीच आधी घासून मोठी करताना पाहून मुले चकित झाली. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसाला आणि डोळ्याला वाईट. चाचांनी मास्क, चष्मा आणि हातमोजे घातले आणि मुलांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे केले.

खालच्या उघड्या टोकातून फायबरचीच दुसरी नळी इपॉक्सी लावून आत बसवली. तिची टोके घासून पातळ केली होती, नाहीतर पुढची चीर नेमकी तिथे पडते. टाक्यांसाठी चाचा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. जुन्या फायबरला मात्र इपॉक्सी अधिक घट्ट धरते. काट्यावर वजन करून दोन भाग मिसळले, तेही थोडे थोडे. एकदम मोठा डबा कालवला तर तो तापून भांड्यातच घट्ट होतो. बिस्मिल्लाह म्हणून पहिला थर चढवला. उभ्या धाग्यांचे थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा लांब; त्यावर नळी चेपू नये म्हणून आडवा वेढा. प्रत्येक थरातली हवा दाबून बाहेर काढली. असरच्या अजानपर्यंत थर पूर्ण झाले.

आठवडाभर काठीला कोणी हात लावला नाही. नंतर ती एका टोकाला आवळून दुसऱ्या टोकाला पाण्याचा १० लिटरचा कॅन टांगला, काठी फिरवून चारही बाजूंनी. कुठेही कर्रकन आवाज आला नाही आणि चारही वेळा वाक सारखाच भरला. मग रंग दिला, कारण इपॉक्सी उन्हाने खराब होते.

वर्गात परतल्यावर मुलांनी वहीत जहाजबांधणीच्या धड्याखाली स्वतःहून मागाचे चित्र काढले. ज्या गावात माग चालतो आणि खाडी वाहते, तिथल्या मुलांना होडी दुरुस्त करण्याची विद्या अर्धी येतच असते. त्यांना खाडीपर्यंत नेणारे कोणी हवे.

वाचकांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. ठाण्याहून काशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका सुरू होतो. भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. ओहोटीला किनारा सगळा चिखल असतो. पाण्यात उतरायचे असेल तर प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे. आणि होडीवाल्याला डोलकाठी कधी तपासली, हे विचारायला संकोच करू नये.